न सांगण्याचा अधिकार : आरोग्यपच्चा आणि आपले कायदे

केंद्र शासनाच्या सेवेत कनिष्ठ अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणवर्गांपुढे अधूनमधून व्याख्यान देण्याची वेळ येते. विषय जैवविविधता कायद्याचा असला की मी वर्गाला एक साधा प्रश्न विचारतो. डोंगरात राहणाऱ्या एखाद्या आदिवासी वैद्याला एका झाडाचा गुण माहीत आहे; त्या माहितीवर मालकी कोणाची? उत्तरे ठरावीक येतात. कोणी म्हणतो, झाड वनखात्याच्या हद्दीत आहे, म्हणजे सरकारची. कोणी म्हणतो, ज्ञान हे साऱ्या मानवजातीचे. एखादा अर्थशास्त्राचा पदवीधर निघाला तर तो 'पब्लिक गुड' हा शब्द उच्चारतो. ज्याला माहीत आहे त्याची, हे उत्तर अगदी शेवटी आणि जरा संकोचानेच येते.

हा संकोच आपल्या प्रशासनाच्या जुन्या सवयीतून आलेला आहे. ज्या जमिनीचा कागद नाही ती सरकारजमा, हे सूत्र इंग्रजी अमदानीत वनजमिनींना लावले गेले. पिढ्यान् पिढ्या तेथे राहणारी माणसे त्या जमिनीच्या वापराचे बारीकसारीक नियम पाळत होती. परंतु ते नियम दप्तरात नव्हते, म्हणून ते नाहीतच असे धरले गेले. ज्ञानाच्या बाबतीत नेमके हेच झाले. लिहिलेले नाही, म्हणजे बेवारस.

वस्तुतः ते बेवारस कधीच नव्हते. आपल्यापैकी ज्यांचे बालपण महाराष्ट्रातल्या खेड्यात गेले आहे त्यांना काविळीचे औषध देणारे एखादे घर आठवत असेल. औषध फुकट मिळे, पैसे घेणे निषिद्ध असे, ठरावीक वारीच जावे लागे, आणि कोणत्या पाल्याचा रस आहे हे कधीही सांगितले जात नसे. 'सांगितले तर गुण जातो' हे त्यावरचे उत्तर. शहरात शिकून आलेली मंडळी याला अंधश्रद्धा म्हणून हसत. त्या औषधाच्या गुणाविषयी मी काही म्हणत नाही. पण या नियमाकडे अर्थशास्त्राच्या नजरेने पाहिले तर त्यात मोठी व्यवस्था दिसते. औषध कोणी द्यायचे हे ठरते, त्यामुळे चुकीच्या हातून चुकीची मात्रा जाण्याचा धोका कमी होतो. वनस्पती सर्वांना ठाऊक नसल्याने ती ओरबाडली जात नाही. एका घराला मक्तेदारी मिळते; परंतु त्या मक्तेदारीवर विनामूल्य सेवेचे बंधन घातलेले असते. पेटंट कायद्यातही मक्तेदारी आहे, पण तिच्याबरोबर असे बंधन नाही. शिवाय पेटंटची पूर्वअट अशी की आधी सर्व काही जाहीर करा. येथे पूर्वअट नेमकी उलट आहे.

ज्ञान बाहेरच्यांच्या हाती कसे जाते याचा आपल्या देशातला एक जुना आणि उत्तम नोंदलेला प्रसंग कोचीचा आहे. १६६३ मध्ये डचांनी कोची पोर्तुगीजांकडून घेतले. त्यानंतर काही वर्षांनी मलबारचा डच कमांडर म्हणून हेन्ड्रिक व्हॅन ऱ्हीड आला. मलबारच्या वनस्पतींचा समग्र ग्रंथ सिद्ध करण्याचा ध्यास त्याने घेतला. त्यातून 'होर्तुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात अॅम्स्टरडॅम येथे छापला गेला. त्यात ७४२ वनस्पतींचे वर्णन आहे. पुढे लिनियसने वनस्पतींचे वर्गीकरण करताना या ग्रंथाचा भरपूर उपयोग केला.

या ग्रंथातील औषधी माहितीचा मुख्य आधार इट्टी अच्युतन हा वैद्य होता. चेर्तलाजवळच्या कडक्करप्पळ्ळी गावचा, जातीने ईळवा. त्याच्या घराण्यात ताडपत्रांवर लिहिलेला औषधींचा संग्रह पिढीजात होता. पहिल्या खंडात त्याचे २० एप्रिल १६७५ या तारखेचे मल्याळी प्रमाणपत्र छापलेले आहे. कमांडरच्या आज्ञेवरून मी कोचीच्या किल्ल्यात आलो, आणि आमच्या ग्रंथात असलेले व अनुभवाने पटलेले झाडांचे गुण कंपनीच्या दुभाष्याला सांगितले, अशा आशयाचे ते आहे.

त्याच खंडात, त्याच तारखेचे, आणखी एक प्रमाणपत्र आहे आणि ते आपल्या लिपीत आहे. रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी ब्राह्मण वैद्यांनी ते कोंकणी भाषेत, देवनागरीत लिहून दिले. पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोवा सोडून कोचीला स्थायिक झालेल्या समाजातली ही माणसे. दोन वर्षे सकाळ-संध्याकाळ या कामी झिजलो, असे ते म्हणतात. ग्रंथातील चित्रांवर वनस्पतींची नावे मल्याळी व अरबीबरोबरच नागरीतही कोरलेली आहेत. देवनागरी अक्षरे छापील पानावर उमटल्याच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत याची गणना होते. परप्रांतात राहून आपली लिपी टिकवणाऱ्या वाचकांना ही गोष्ट सुखावेल. मलाही पहिल्यांदा वाचताना ती सुखावली होती.

पण प्रशासकाच्या नजरेने ही प्रमाणपत्रे वाचली की वेगळेच काही लक्षात येते. चौघांनीही 'मी सांगितले ते खरे आहे' एवढेच लिहून दिले आहे. 'मी सांगण्यास राजी आहे', 'याचा उपयोग अमुक कामासाठीच व्हावा', असे त्यात काही नाही, आणि त्या काळात कोणी विचारले असण्याची शक्यताही नाही. आजच्या भाषेत तो साक्षीचा कागद होता, संमतीचा नव्हता. तरी व्हॅन ऱ्हीडला एक श्रेय दिलेच पाहिजे, की त्याने सांगणाऱ्यांची नावे छापली. त्यानंतरच्या दोन शतकांत इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञांनी 'नेटिव्हांच्या सांगण्यावरून' एवढ्यावर काम भागवले. इट्टी अच्युतनचे नाव पुढे ब्लूम या शास्त्रज्ञाने 'अच्युडेमिया' या वनस्पतिकुलाला दिले. त्याच्या घराण्याची ताडपत्रे मात्र आज उपलब्ध नाहीत. लॅटिन ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर कालिकत विद्यापीठातील प्राध्यापक के. एस. मणिलाल यांनी आयुष्याची कित्येक वर्षे खर्चून केले आणि केरळ विद्यापीठाने ते २००३ मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे मलबारच्या वैद्याचे शब्द मलबारला वाचता यायला सव्वातीनशे वर्षे लागली.

आता त्याच केरळच्या दक्षिण टोकाकडे, अगस्त्यमलेच्या डोंगररांगेत, तीनशे वर्षांनंतर काय घडले ते पाहू. या प्रकरणावर देशोदेशी इतके लिहिले गेले आहे की त्याला 'काणी प्रतिमान' असेही म्हणतात. आपल्याकडे मात्र ते फारसे कोणाला ठाऊक नाही.

डिसेंबर १९८७. अखिल भारतीय समन्वित लोकजीवशास्त्र प्रकल्पाची एक तुकडी डॉ. पुष्पांगदन यांच्या नेतृत्वाखाली तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील जंगलात फिरत होती. वाटाडे म्हणून काणी जमातीचे काही लोक बरोबर होते. चढणीवर शास्त्रज्ञ थकून बसत, तर हे वाटाडे उपाशीपोटीही ताजेतवाने. मधूनमधून ते कसलीशी काळसर लहान फळे खात असत. शास्त्रज्ञांनी ती खाल्ली आणि त्यांनाही हुशारी वाटली. फळ कशाचे, असे विचारल्यावर वाटाड्यांनी सांगण्याचे नाकारले. ही माहिती परक्यास देऊ नये असा जमातीचा दंडक होता. पुष्कळ मनधरणी झाली, गैरवापर होऊ देणार नाही असा शब्द दिला गेला, आणि अखेर त्यांनी झाड दाखवले. काणी त्याला 'आरोग्यपच्चा' म्हणतात, म्हणजे आरोग्य देणारे हिरवे झाड. शास्त्रीय नाव ट्रायकोपस झेलॅनिकस, त्यातील त्रावणकोरी उपजात.

काणी जमातीत औषधाचे ज्ञान हे सर्वांचे सारखे नसते. 'प्लाथी' नावाचे वैद्य-पुरोहित असतात. औषधविद्या बाळगण्याचा आणि पुढे देण्याचा अधिकार परंपरेने त्यांचा. वस्तीचा प्रमुख तो 'मूट्टुकाणी'. झाड दाखवणारे वाटाडे प्लाथी नव्हते. ही बाब पुढे फार महत्त्वाची ठरली.

अर्थशास्त्रात केनेथ अॅरो यांनी १९६२ मध्ये एक विरोधाभास मांडला होता. माहिती विकत घेणाऱ्याला तिची किंमत कळायची तर ती आधी सांगावी लागते. आणि एकदा सांगितली की ती त्याला फुकटच मिळालेली असते, मग पैसे कशाचे द्यायचे? पेटंट ही या पेचातून काढलेली एक वाट. 'न सांगणे' हा काणींचा दंडक ही दुसरी. १९८७ च्या त्या दिवशी डोंगरावर अॅरोंचा विरोधाभास अक्षरशः घडला : सांगून झाले होते, आणि हातात होता तो एक शब्द.

शब्द पाळला गेला, हे या प्रकरणाचे वेगळेपण. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत व पुढे पालोडच्या उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेत त्या झाडावर काम झाले. पानांत थकवा घालवणारे व प्रतिकारशक्ती वाढवणारे घटक आढळले. आरोग्यपच्चाबरोबर अश्वगंधा, पिंपळी व विष्णुक्रांता मिळवून 'जीवनी' नावाचे औषध तयार करण्यात आले. १९९५ मध्ये कोईमतूरच्या आर्य वैद्य फार्मसीला सात वर्षांसाठी ते बनवण्याचा परवाना दिला गेला. परवानाशुल्क दहा लाख रुपये, अधिक विक्रीवर दोन टक्के स्वामित्वधन. यातील निम्मे काणी जमातीला द्यायचे, असे संस्थेने ठरवले. त्या वेळी देशात यासंबंधी कोणताही कायदा नव्हता. १९९२ चा रिओ येथील जैवविविधता करार होता, पण त्याची अंमलबजावणी करणारी यंत्रणा नव्हती. कायद्याने भाग पाडलेले नसताना एका सरकारी संस्थेने आपल्या उत्पन्नाचा अर्धा भाग सोडला. शासकीय संस्थांचे हिशेब ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे किती अवघड असते ते सांगायला नको.

तरीही अडचणी संपल्या नाहीत. खऱ्या अर्थाने त्या येथूनच सुरू झाल्या.

पहिली अडचण, पैसे द्यायचे कोणाला? 'काणी जमात' ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती नाही. तिच्या नावे धनादेश काढता येत नाही. म्हणून नोव्हेंबर १९९७ मध्ये 'केरळ काणी समुदाय क्षेम ट्रस्ट' नोंदवला गेला आणि १९९९ मध्ये त्याच्या खात्यात सुमारे ५ लाख १९ हजार रुपये जमा झाले. १९८७ मध्ये दाखवलेल्या झाडाचा मोबदला १९९९ मध्ये. विक्रीतला वाटा पाहू. शंभर रुपयांच्या विक्रीवर संस्थेला दोन, त्यातला एक काणींना. परवान्याच्या दहा लाखांतले पाच लाख वजा केले की या पहिल्या रकमेत विक्रीपोटीचा हिस्सा किती किरकोळ होता ते वाचकांच्या ध्यानात येईल.

दुसरी अडचण अधिक खोल होती. संस्थेचा संबंध मुख्यतः कुट्टिचल पंचायतीतील वस्त्यांशी आला. वाटाडे तेथलेच होते. विदुरा, पेरिंगमला या पंचायतींतले काणी या सगळ्यापासून दूर राहिले. आणि १९९५ मध्येच नऊ प्लाथींनी केरळच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून आपले ज्ञान खासगी कंपन्यांना विकण्यास विरोध नोंदवला होता. त्यांचा मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे. वाटा कमी पडला, अशी ती तक्रार नव्हती. ज्यांना सांगण्याचा अधिकारच नव्हता त्यांच्याकडून माहिती घेतली गेली, आणि ज्यांचा अधिकार होता त्यांना विचारले गेले नाही, असा तो आक्षेप होता. आपल्या प्रशासकीय भाषेत सांगायचे तर हा 'सक्षम प्राधिकाऱ्या'चा प्रश्न होता. कनिष्ठ लिपिकाने सहीचा अधिकार नसताना ना हरकत प्रमाणपत्र दिले तर आपण ते ग्राह्य धरू का? मग जमातीच्या बाबतीत पहिला भेटलेला माणूस आपल्याला सक्षम का वाटावा? याचे कारण असे की जमातीला अंतर्गत घटना असते हेच आपण गृहीत धरलेले नसते. प्रश्न दुसऱ्या बाजूनेही विचारता येईल : वाटाड्यांना ते फळ रोज खाण्यापुरते माहीत होतेच, मग त्यांचा त्यावर काहीच हक्क नाही का? याचा निवाडा काणींनी आपापसात करायचा होता. तो करण्याइतका वेळ त्यांना मिळाला नाही, एवढे मात्र स्पष्ट आहे.

तिसरी अडचण वनखात्याची. औषधाला लागतात पाने. काणी खात ती फळे. पाने हवीत तर झाडे हवीत, आणि झाडे राखीव जंगलात. आदिवासी विकास यंत्रणेने काही काणी कुटुंबांना लागवडीसाठी अर्थसाह्य दिले, पण जंगलातून पाने व रोपे बाहेर नेण्यास वनखात्याने हरकत घेतली. एकाच राज्याची एक शाखा 'हे तुमचे ज्ञान आहे, त्याचा मोबदला घ्या' म्हणत होती आणि दुसरी 'हे आमचे झाड आहे, हात लावू नका' म्हणत होती. दोघांच्याही फायली आपापल्या जागी निर्दोष असणार. मागणी वाढली तशी चोरटी तोडही झाली. पुढे अमेरिकेत 'जीवनी' हे नावच एका कंपनीने व्यापारचिन्ह म्हणून नोंदवल्याचे उघड झाले, आणि पहिल्या परवान्याची सात वर्षे संपता संपता या प्रतिमानाचा पहिला उत्साह ओसरला होता. २००२ च्या जोहान्सबर्ग परिषदेच्या वेळी डॉ. पुष्पांगदन यांना संयुक्त राष्ट्रांच्या उपक्रमातून पुरस्कार मिळाला. तो योग्यच होता. प्लाथींच्या पत्रातल्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्याने मिळाले नाही.

त्याच दशकात दिल्लीत एक वेगळी लढाई चालू होती, आणि ती मराठी वाचकांच्या चांगल्या परिचयाची आहे. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट दिले गेले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे तत्कालीन महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली परिषदेने त्यास आव्हान दिले, संस्कृत, उर्दू, हिंदी ग्रंथांतले व नियतकालिकांतले बत्तीस पुरावे सादर केले, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. कडुनिंबाचे युरोपातील पेटंट २००० मध्ये रद्द होऊन २००५ मध्ये त्यावरील अपीलही फेटाळले गेले. या विजयांतून २००१ मध्ये 'पारंपरिक ज्ञान डिजिटल ग्रंथालय' सुरू झाले. आयुर्वेद, युनानी, सिद्ध ग्रंथांतले लाखो योग इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश व जपानी या पाच भाषांत उतरवून परदेशी पेटंट कार्यालयांना गोपनीयतेच्या करारावर उपलब्ध करून देण्यात आले.

हे काम मोलाचे आहे यात शंका नाही. परंतु त्यामागची युक्तिवादाची रीत पाहा. हळदीचा खटला आपण जिंकलो तो 'हे सर्वांना आधीपासून माहीत आहे' हे सिद्ध करून. काणींच्या प्लाथीला जे सिद्ध करायचे आहे ते याच्या नेमके उलट : 'हे सर्वांना माहीत नाही, आणि माहीत होऊ नये'. राष्ट्राचा बचाव प्रसिद्धीवर उभा आहे, जमातीचा गुप्ततेवर. या दोन तर्कांची गल्लत आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक टिपणीत होते. 'पारंपरिक ज्ञानाचे संरक्षण' या एकाच शब्दप्रयोगाखाली दोन्ही खपतात, आणि सोयीचे म्हणून पहिल्याची यंत्रणा दुसऱ्याला लावली जाते.

त्याचे ठळक उदाहरण म्हणजे लोकजैवविविधता नोंदवही. तिचा उगम चांगला आहे. नव्वदच्या दशकात प्रा. माधव गाडगीळ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना गावोगावच्या लोकांबरोबर विकसित केली. केरळच्या कण्णूर जिल्ह्यातील पट्टुवम पंचायतीने एप्रिल १९९७ मध्ये आपल्या हद्दीतील सर्व जनुकीय संपत्तीवर स्वतःची मालकी जाहीर केली. ही घोषणा त्या गावाने आपल्या वनस्पतींची नोंद करता करताच केली होती. नोंद हे तेथे मालकीचे साधन होते : आम्ही लिहितो, आमच्याजवळ ठेवतो, दाखवायचे की नाही ते आम्ही ठरवतो.

जैवविविधता कायदा २००२ मध्ये झाला, राष्ट्रीय प्राधिकरण चेन्नईला आले, आणि २००४ च्या नियमांनी प्रत्येक स्थानिक संस्थेत व्यवस्थापन समिती व नोंदवही अनिवार्य केली. साधन कायद्यात आले. हेतू वाटेत गळाला. पुष्कळ वर्षे काही झालेच नाही. पुढे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे २०१६ मध्ये प्रकरण गेले आणि ३१ जानेवारी २०२० ही मुदत पडली. त्यानंतर जे झाले ते मुदतीने चालणाऱ्या कोणत्याही सरकारी कामासारखेच झाले. देशभर अडीच लाखांहून अधिक समित्या कागदावर उभ्या राहिल्या आणि तितक्याच नोंदवह्या भरल्या. एका राज्यात मी शेजारशेजारच्या तीन गावांच्या नोंदवह्या चाळल्या. तिन्हींत झाडांचा क्रम एकच होता आणि शुद्धलेखनाच्या चुकाही त्याच. मनात आले, एका अर्थी हे बरेच झाले. ज्या नोंदवहीत काही खरे नाही तिच्यातून काही चोरीला जाण्याची भीती नाही.

जेथे नोंदवह्या मन लावून केल्या गेल्या तेथला प्रश्न अधिक गंभीर आहे. नियमाने नोंदवहीत स्थानिक वनस्पतींचे औषधी व इतर उपयोग आणि तत्संबंधी पारंपरिक ज्ञान यांची 'सर्वंकष' माहिती अपेक्षित होती. 'सर्वंकष' हा शब्द आपल्याला फार प्रिय. पण एखाद्या म्हाताऱ्या वैदूने तरुण ग्रामसेवकापुढे सर्वंकष सांगितले, तर त्या क्षणापासून त्याच्या ज्ञानावर त्याचा ताबा किती उरतो? नोंदवहीची प्रत कोठे जाते, संगणकावर कोण चढवते, कोण पाहते, हे त्याला कोणी समजावून सांगितलेले नसते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाची ग्रामसभा बाहेरच्या अभ्यासकाला आधी ग्रामसभेची परवानगी घ्यायला लावते. ती गोष्ट मला या संदर्भात फार अर्थपूर्ण वाटते. अनेक अधिकाऱ्यांना तो आडमुठेपणा वाटतो. आपल्या कार्यालयातली कागदपत्रे कोणी न विचारता चाळली तर मात्र त्यांना तसे वाटत नाही.

आता मोबदल्याविषयी. २१ डिसेंबर २०१८ रोजी उत्तराखंड उच्च न्यायालयाने दिव्य फार्मसीच्या प्रकरणात निर्णय दिला की भारतीय कंपन्यांनाही स्थानिक लोकांना लाभाचा वाटा द्यावा लागेल. ही जबाबदारी केवळ परदेशी कंपन्यांची नाही. निर्णयातली भूमिका स्वच्छ होती : गावाच्या दृष्टीने घेणारा देशी की परदेशी याने फरक पडत नाही. पुढे २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली व ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. तिच्यानुसार 'संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान', म्हणजे औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातील प्रमाणग्रंथांतून आलेले ज्ञान, वापरणाऱ्या देशी उद्योगाला सवलत मिळाली. आयुर्वेद उद्योगावरील अनावश्यक जाच कमी व्हावा हा उद्देश समजण्यासारखा आहे. चरकाच्या ग्रंथातील योगाचा मोबदला आज कोणाला द्यायचा, हा प्रश्नही रास्तच.

परंतु ग्रंथातले ज्ञान आणि तोंडी ज्ञान यांच्यामध्ये भिंत नसते, पाझर असतो. इट्टी अच्युतनच्या ताडपत्रांत जे होते ते कोठून आले असेल? कोणत्या तरी डोंगरातल्या, नाव नसलेल्या माणसाकडून काही ना काही आलेच असणार. लिहिले गेले की वाटा संपतो, असा नियम झाला तर लिहून घेणाऱ्याला घाई असेल आणि सांगणाऱ्याला भीती. आणि लिहून घेणारे तर आपणच आहोत.

यावर वाटा नाहीत असे नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(ट) मध्ये जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समूहाचा बौद्धिक संपदा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केलेला आहे. इंग्रजीत ते उपकलम 'के' म्हणून ओळखले जाते. सामूहिक वनहक्काच्या दाव्यांत बांबू येतो, तेंदू येतो, मासळी येते. या उपकलमावर आधारलेला दावा माझ्या नजरेस क्वचितच आला. राजस्थानातील राईका या उंटपाळ समाजाने २००९ मध्ये आपले स्वतःचे 'प्रोटोकॉल' लिहून काढले : आमचे चराईचे नियम हे, जनावरांची पैदास राखण्याची आमची रीत ही, आणि आमच्या ज्ञानासाठी येणाऱ्याने विचारायचे कोणाला ते हे. त्यात ज्ञान लिहिलेले नाही, ज्ञानाकडे जाण्याचे नियम लिहिलेले आहेत. प्लाथींच्या पत्राला १९९५ मध्ये असे उत्तर देता आले असते, असे मला ते वाचताना वाटले. नियम जाहीर, मजकूर गुप्त. दप्तराला पाहिजे असलेला कागदही मिळतो आणि गुणही जात नाही.

आंतरराष्ट्रीय पातळीवर २४ मे २०२४ रोजी जिनिव्हा येथे जनुकीय संसाधने व संबंधित पारंपरिक ज्ञान यांविषयीचा करार संमत झाला. वीस-पंचवीस वर्षांच्या वाटाघाटींचे ते फळ. पेटंटचा अर्ज करणाऱ्याने ज्ञान कोणत्या समूहाकडून घेतले ते उघड करावे, एवढीच त्यातली मुख्य अट. व्हॅन ऱ्हीडने १६७८ मध्ये जे आपणहून केले होते त्याची आता सक्ती होऊ घातली आहे. संमती घेतली होती की नाही, हा प्रश्न त्याही कराराने देशोदेशींच्या कायद्यांवर सोडला आहे, म्हणजे आपल्यावर.

२००४ च्या नियमांत समितीने दोन नोंदवह्या ठेवाव्यात असे होते, हे फार थोड्यांच्या लक्षात असते. एक ज्ञानाची. दुसरीत कोणाला कोणत्या ज्ञानाचा व संसाधनाचा वापर करू दिला, त्यासाठी किती शुल्क घेतले आणि मिळालेल्या लाभाची वाटणी कशी केली, याचा तपशील ठेवायचा होता. मी पाहिलेल्या समित्यांत पहिली नोंदवही कपाटात असे, कधी छान बांधणी केलेली. दुसरी मागितली की अध्यक्ष सचिवाकडे पाहत आणि सचिव कपाटाकडे.